पाणी तपासणीचा निकाल लोकांपर्यंत नेताना

प्रश्न असा आहे: आमचा छोटा गट विज्ञानप्रसाराचं काम करतो. व्याख्यानं झाली, पत्रकं वाटून झाली. आता वस्तीतल्या विहिरी, हातपंप आणि नळ यांचं पाणी तपासून निकाल लोकांसमोर मांडायचा विचार आहे. पण शास्त्रीय माहिती सांगूनही लोक विश्वास ठेवत नाहीत असं दिसतं. त्यांना विज्ञान कमी कळतं म्हणून असं होतं का? आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. ‘लोकांकडे माहिती कमी आहे, ती पुरवली की विश्वास आपोआप येईल’ या समजुतीला विज्ञान आणि समाज यांच्या नात्याचे अभ्यासक ‘डेफिसिट मॉडेल’ म्हणतात. १९८५ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने लोकांच्या विज्ञानविषयक जाणकारीवर एक अहवाल काढला आणि त्यानंतर माहिती वाढवण्याच्या दिशेने पुष्कळ काम झालं. सर्वेक्षणांतून दिसलं ते असं: माहिती आणि विज्ञानाबद्दलचा अनुकूल कल यांचा संबंध आहे, पण तो क्षीण आहे. ज्या विषयांवर समाजात आधीच तट पडलेले आहेत, तिथे तर जास्त शिकलेली माणसं बरेचदा एकमेकांपासून अधिक दूर उभी असतात.

तुमच्या सभेत बसलेल्या माणसाच्या मनातले प्रश्न वेगळेच असतात. ही तपासणी कोणी करायला लावली? पैसा कोणाचा? माझ्या विहिरीचं पाणी घेताना मला विचारलं का? निकाल वाईट निघाला तर उद्या सकाळी पाणी कुठून आणायचं? आणि तुमचं चुकलं तर भोगायचं कोणी? हे सगळे रास्त प्रश्न आहेत. चांगला संशोधक दुसऱ्याचा शोधनिबंध वाचताना जवळपास हेच विचारतो: मोजमाप कोणी केलं, कसं केलं, चूक किती असू शकते. या प्रश्नांची उत्तरं तपासणीच्या आराखड्यातच असावी लागतात. निकालाच्या दिवशी भाषणात ती मागाहून घालता येत नाहीत.

आराखडा लोकांना वगळून केला की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियाचं आहे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मेच्या सुरुवातीला कंब्रियाच्या डोंगरांवर जोराचा पाऊस झाला आणि त्याबरोबर किरणोत्सारी सीझियम खाली उतरलं. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या हालचालीवर आणि कत्तलीवर बंदी आणली. तीन आठवड्यांत प्रश्न मिटेल, असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं. शेवटच्या शेतांवरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडलं.

चूक मातीबद्दलच्या गृहीतकात होती. चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते मुळांना फारसं मिळत नाही. शास्त्रज्ञांचे आडाखे अशा जमिनींवरच्या निरीक्षणांतून आले होते. डोंगरावरची माती मात्र आम्लधर्मी, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली होती. तिथे सीझियम मोकळं राहिलं. मुळांतून गवतात, गवतातून मेंढीत, लेंडीतून परत जमिनीत असं ते फिरत राहिलं. मेंढ्या खाली दरीतल्या कमी दूषित कुरणात जास्त दिवस ठेवा, असा सल्ला दिला गेला. दरीत तेवढं गवत नसतं हे प्रत्येक मेंढपाळाला ठाऊक होतं. सीझियम बांधून ठेवण्यासाठी बेंटोनाइट नावाची माती जमिनीवर पसरण्याचा प्रयोग झाला, तेव्हा मेंढ्या कुंपण घातलेल्या तुकड्यांत कोंडल्या गेल्या. डोंगरावर मोकळी फिरणारी मेंढी कोंडली की खंगते आणि तिच्यावरचे आकडे निरुपयोगी ठरतात, असं शेतकरी आधीपासून सांगत होते. पुढे तो प्रयोग गुंडाळावा लागला. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या सगळ्याचा बारकाईने अभ्यास केला. शेतकऱ्यांचा विश्वास कशाने गेला, तर छातीठोकपणे केलेल्या भाकितांनी आणि त्यांचं ज्ञान हिशेबात न धरल्याने, हे त्या अभ्यासातून स्पष्ट दिसतं. किरणोत्साराचं भौतिकशास्त्र त्यांना कमी समजत होतं की जास्त, याने काही फरक पडला नसता.

म्हणून एकही बाटली भरण्याआधी किमान दोन फेऱ्या नुसत्या विचारपुशीसाठी करा. विहीर किंवा बोअर किती खोल, कधी खणली, मधे खोली वाढवली का. कोणत्या महिन्यात पाण्याला वास येतो, भांड्यावर लालसर किंवा पांढरा थर कधी धरतो. पिण्याचं पाणी कोणतं, धुण्याचं कोणतं, उन्हाळ्यात आटलं की पर्याय कोणता. शौचालयाचा खड्डा, गोठा, खतं टाकलेलं शेत किती अंतरावर आणि चढाच्या बाजूला की उताराच्या. हे सगळं घरात पाणी भरणाऱ्या व्यक्तीला विचारा. घराच्या नावावर सही करणारा माणूस बरेचदा पाणी भरत नाही, आणि त्याची उत्तरं अंदाजाची असतात. याच फेऱ्यांत एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘पाणी वाईट निघालं तर तुम्ही काय कराल?’ उत्तर ‘काहीच करता येणार नाही’ असं आलं, तर तपासणीआधी पर्यायी पाण्याची सोय कुठे होऊ शकते हे शोधायला लागा. पर्याय नसताना दिलेला वाईट निकाल ही नुसती काळजी असते, आणि ती तुमच्या नावावर जमा होते.

आता काय तपासायचं. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून उथळ कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खणल्या गेल्या, कारण तळ्या-नद्यांच्या पाण्यातून हगवण आणि कॉलरा पसरत होता. जंतूंच्या दृष्टीने हे पाणी खरंच चांगलं होतं. आर्सेनिक, म्हणजे जमिनीतून पाण्यात उतरणारं विष, मात्र कोणी तपासलं नाही. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्येच त्वचारोगतज्ज्ञांनी आर्सेनिकबाधित रुग्ण ओळखले होते. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातले पाण्याचे नमुने अनेक घटकांसाठी तपासले, त्या यादीतही आर्सेनिक नव्हतं. १९९३ मध्ये ते बांगलादेशातल्या विहिरींत सापडलं. पुढच्या मोहिमेत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या आणि जवळपास १४ लाखांवर धोक्याचा लाल रंग लागला. ‘पाणी तपासलं, चांगलं आहे’ हे वाक्य म्हणूनच कधीही मोकळं सोडू नका. ‘या सहा गोष्टींसाठी तपासलं, या गोष्टींसाठी तपासलेलं नाही’ असं दोन्ही बाजूंनी लिहा. तपासलेल्यांची यादी सगळेच देतात. न तपासलेल्यांची देणारे फार थोडे, आणि लोकांना पुढे फसवणूक वाटते ती तिथेच.

छोट्या गटाला सुरुवातीला पुरेल अशी यादी: ई. कोलाय जंतू (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण), नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं मोजमाप); जुने नळ असतील तर शिसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा: ई. कोलाय १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको, नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक आणि शिसं प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची अधिकृत मर्यादा वेगळी असू शकते, ती शेजारी लिहा. नायट्रेटच्या बाबतीत एक सापळा आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून. एकाच पाण्यासाठी पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ ४.४ पट येतो. म्हणजे ५० ची मर्यादा दुसऱ्या पद्धतीत सुमारे ११ होते. एकक न पाहता ३० हा आकडा ५० शी ताडून ‘सुरक्षित’ म्हटलं आणि तो नायट्रोजनचा निघाला, तर ते पाणी मर्यादेच्या अडीच पटींच्या वर आहे.

नमुना घेण्याची पद्धत प्रश्नावर ठरते. जमिनीखालच्या पाण्यात काय आहे हे पाहायचं असेल तर पंप किंवा हातपंप आधी चालवा. पाइपमधलं साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, विद्युतवाहकतेचं वाचन स्थिर झालं की भरा. नळाच्या शिशासाठी याच्या अगदी उलट. शिसं उगमातून क्वचित येतं, ते पाइप, सांधे आणि तोटीतून झिरपतं. म्हणून नळ किमान ६ तास बंद ठेवून सकाळचं पहिलं एक लिटर घ्यायचं, आधी पाणी सोडून द्यायचं नाही. धातूंच्या नमुन्यासाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली आणि थोडं शुद्ध नायट्रिक आम्ल, म्हणजे सामू २ च्या खाली राहतो आणि धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही. हे आम्ल प्रयोगशाळेनेच घालून द्यावं किंवा नमुना पोचल्यावर घालावं. घरोघरी ते हाताळायला देऊ नका. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, आणि पाणी क्लोरीन घातलेलं असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट असायला हवं, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो ६ तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. दर दहा नमुन्यांमागे एक जुळा नमुना (त्याच जागी, त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली) घ्या आणि प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली सोबत नेऊन जागेवर उघडा-बंद करा. कोऱ्या बाटलीत आर्सेनिक दिसलं तर दोष तुमच्या हाताळणीत आहे, विहिरीत नाही. हे जुळे आणि कोरे नमुने लोकांसमोर, त्यांना सांगून घ्या. आपण स्वतःचीच चूक पकडायची सोय करून ठेवली आहे हे डोळ्यांनी पाहिलं की जो भरवसा बसतो तो पत्रकाने बसत नाही.

पद्धतीतला छोटा फरक किती मोठा होऊ शकतो हे अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात दिसलं. एप्रिल २०१४ मध्ये तिथला पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर आणला गेला आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच गेलं नाही. लोक रंग, वास आणि पुरळ यांच्या तक्रारी करत राहिले. पाणी निकषांत बसतं असं उत्तर मिळत राहिलं. अधिकृत नमुन्यांसाठी रहिवाशांना नळ आदल्या दिवशी थोडा वेळ सोडून ठेवायला सांगितलेलं होतं, त्यामुळे पाइपमधलं शिसं आधीच वाहून जाई. शिवाय एका फेरीतून दोन जास्त शिशाचे नमुने वगळले गेले, आणि नव्वदाव्या शतमकाचा आकडा, म्हणजे ९० टक्के नमुने ज्याच्या आत बसतात तो, १५ पीपीबी (लिटरला १५ मायक्रोग्रॅम) या कृतिपातळीच्या, म्हणजे जिच्यापुढे उपाय करणं भाग असतं त्या आकड्याच्या, खाली आला. मग रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांशी हातमिळवणी केली. ३०० संच घरोघरी गेले. प्रत्येकात तीन बाटल्या होत्या: पहिलं साचलेलं पाणी, ४५ सेकंद सोडल्यानंतरचं आणि दोन मिनिटांनंतरचं. नमुने रहिवाशांनी स्वतः भरले आणि नव्वदावं शतमक २५ पीपीबीच्या वर निघालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर परत जुन्या पुरवठ्यावर गेलं. नीट सूचना दिल्या तर सामान्य माणूस नमुना उत्तम घेतो, आणि कुठला नमुना वगळायचा याचे नियम फेरीआधी लिहून जाहीर केलेले असावेत, या दोन गोष्टी इथून उचला.

जागेवरच्या किटबद्दल. आर्सेनिकच्या किटमध्ये पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड घालतात, आर्सिन वायू निघतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीला पिवळा ते तपकिरी रंग देतो. हा वायू विषारी आहे आणि पट्टीत पारा आहे. काम उघड्यावर करा, वापरलेल्या पट्ट्या वेगळ्या जमवा. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर तेही पट्टी रंगवतं, त्यासाठी असलेला लेड अ‍ॅसिटेटचा बोळा विसरू नका. रंग डोळ्याने जुळवायचा असल्यामुळे मधल्या छटांवर दोन माणसांचं एकमत होत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मग आकडे ताडावेत.

किटची चूक लोकांना टक्क्यांत सांगू नका, विहिरींच्या संख्येत सांगा. समजा १,००० विहिरी आहेत आणि त्यांतल्या ५० खरोखर दूषित आहेत. किट दूषित विहिरींपैकी ९० टक्के पकडतं आणि चांगल्यांपैकी १० टक्क्यांना चुकून दूषित म्हणतं. मग ५० पैकी ४५ सापडतील, ५ निसटतील. ९५० चांगल्यांपैकी ९५ वर खोटा ठपका येईल. लाल ठरलेल्या १४० विहिरींत खऱ्या दूषित ४५, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ‘९० टक्के अचूक किट’ ऐकल्यावर बहुतेकांना, डॉक्टर-इंजिनियरांनाही, हा आकडा अपेक्षित नसतो. म्हणून लाल विहिरीला ‘संशयित, पक्की तपासणी बाकी’ म्हणा आणि प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत तिथलं पाणी पिऊ नका असं सांगा. उरलेल्या ८६० विहिरींत ५ निसटलेल्या आहेत, हेही सांगा. खोटा ठपका आणि निसटलेला दोष यांतलं काय जास्त महाग, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या तंत्रज्ञाचा नाही. चांगली विहीर बंद ठेवून रोज लांबून पाणी वाहणाऱ्याला आणि लहान मूल असलेल्या घराला याची उत्तरं वेगवेगळी येतील. किटचा उंबरठा कुठे ठेवायचा, म्हणजे कोणत्या छटेपासून विहिरीला लाल म्हणायचं, ही चर्चा त्यांच्यासमोर करा.

मर्यादेचा आकडा सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशची ५०. मग ३० असलेल्या विहिरीवर हिरवा रंग लावायचा की लाल? निसर्गात १० पाशी किंवा ५० पाशी कुठली रेघ नाही. १० हा आकडासुद्धा ‘तात्पुरता’ म्हणून दिलेला आहे, कारण याहून खाली मोजणं आणि काढून टाकणं अवघड जातं. मर्यादा ठरवताना आरोग्य, मोजण्याची क्षमता आणि परवडणारा उपाय यांचा मेळ घातला जातो. म्हणजे तो माणसांनी घेतलेला निर्णय असतो. हे उघड सांगितलं तर विज्ञानाचं वजन कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते. उलट ते लपवलं आणि पुढे मर्यादा बदलली, तर ‘काल सुरक्षित होतं ते आज विष कसं?’ हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर राहत नाही. दोनच रंगांच्या ऐवजी मोजलेला आकडा लिहा आणि त्याखाली दोन्ही मर्यादा. ३० वाल्या घराला सांगायचं वाक्य असं: ‘जवळ १० च्या खालची विहीर असेल तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथून घ्या, नसेल तर आत्ता १०० किंवा २०० वाल्या विहिरीवर जाऊ नका.’ ‘सापडलं नाही’ असा निकाल आला तर शून्य लिहू नका. प्रयोगशाळा ज्याच्या खाली पाहू शकत नाही तो आकडा लिहा, उदाहरणार्थ ‘१ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी’.

धोका सांगताना ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ हे शब्द एकटे वापरू नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात ७,००० स्त्रियांमागे १ चे २ झाले होते. असंख्य स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या घाईच्या इशाऱ्यातून लोकांपर्यंत पोचलंच नाही. नियम सोपा ठेवा: किती जणांमागे, किती काळात, आधी किती, आता किती. छेद सगळीकडे एकच ठेवा. एका वाक्यात हजारामागे आणि पुढच्यात लाखामागे असं केलं की ऐकणारा हरवतो.

दिलासा देण्याचा मोह धोका वाढवून सांगण्याइतकाच घातक आहे. इटलीतल्या लाकिला शहरात २००९ च्या सुरुवातीला महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. छोट्या धक्क्यांमुळे ऊर्जा बाहेर पडते, म्हणून हे चांगलंच आहे, अशा अर्थाचं विधान एका अधिकाऱ्याने माध्यमांसमोर केलं. त्याला भूकंपशास्त्रात आधार नव्हता. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची अशी तिथली जुनी सवय, ती अनेकांनी त्या दिलाशानंतर सोडली. ६ एप्रिलच्या भूकंपात ३०९ माणसं गेली. २०१२ साली त्या बैठकीतल्या सात जणांना, म्हणजे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना, सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये सहा शास्त्रज्ञांची निर्दोष सुटका झाली आणि त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. ‘मोठा भूकंप कधी येईल हे सांगता येत नाही’ आणि ‘मोठा भूकंप येणार नाही’ या वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमच्या कामात या चुकीचं रूप असं असतं: एका उन्हाळ्यात घेतलेल्या एका नमुन्यात ई. कोलाय मिळाला नाही, म्हणून ‘पाणी सुरक्षित आहे’ असं जाहीर करणं. जंतूंचं प्रमाण पावसाच्या पहिल्या लोंढ्यानंतर बदलतं. ‘त्या दिवशीच्या नमुन्यात आढळले नाहीत, पावसाळ्यात पुन्हा पाहणार आहोत’ एवढंच म्हणा, आणि खरोखर पुन्हा पाहा.

निकाल सांगण्याचा क्रम: आधी ज्याची विहीर त्याला, घरी जाऊन. मग त्याच्या संमतीने सभेत. घराचं नाव असलेला नकाशा सभेत पहिल्यांदा उघडला की चर्चा पाण्यावरून शेजाऱ्यावर जाते, विहिरीच्या मालकाला अपराधी ठरवलं जातं आणि पुढच्या फेरीला दारं बंद होतात. पण विहीर सामायिक असेल, तर तिचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराला कळवणं हे मालकाच्या संकोचापेक्षा वरचं आहे. ही अट नमुना घेतानाच सांगून, लिहून घ्या. हातात द्यायच्या चिठ्ठीवर एवढं असावं: विहिरीचा क्रमांक, नमुन्याची तारीख, मोजलेला आकडा आणि एकक, मर्यादा, काय करायचं, काय करून उपयोग नाही, पुढची तपासणी कधी, प्रश्न कोणाला विचारायचे. ‘काय करून उपयोग नाही’ ही ओळ अनेक जण गाळतात आणि तीच सर्वांत गरजेची असते. उकळल्याने जंतू मरतात; आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं उकळून जात नाही, वाफ गेल्याने ते उलट थोडं दाट होतं. आर्सेनिकवाल्या पाण्याने कपडे धुणं, अंघोळ चालते. पिणं आणि स्वयंपाक नको. हे सांगितलं नाही तर घाबरलेलं कुटुंब पाणी अर्धा तास उकळत बसतं आणि आपण उपाय केला असं मानून चालतं.

विहिरीवर रंग लावणार असाल तर बांगलादेशातली पुढची गोष्टही लक्षात घ्या. रंग काही वर्षांत उडून गेला, नव्या कूपनलिका तपासणीशिवाय खणल्या गेल्या, आणि लाल विहिरीवरच्या कुटुंबाने पाणी बदललं की नाही हे जवळ सुरक्षित विहीर आहे का यावर फार अवलंबून राहिलं. तिथे पन्नास मीटरवरच्या दोन विहिरींत आर्सेनिकचं प्रमाण पूर्ण वेगळं असू शकतं. त्यामुळे शेजारची विहीर चांगली असण्याची शक्यता बरेचदा असते, पण तिथून पाणी भरू द्यायचं की नाही हा प्रश्न रसायनाचा राहत नाही. तो सोडवायला वस्तीतली वजनदार माणसं आणि पाणी भरणाऱ्या बायका एकत्र बसाव्या लागतात. या बैठकीसाठी वेळ आणि पैसा आराखड्यात आधीच धरा. तपासणीच्या खर्चात तो बसत नाही म्हणून तो राहूनच जातो.

काही ठिकाणी हे सगळं करूनही लोक नमुना देणार नाहीत. तिथे रागावू नका, इतिहास विचारा. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्यसेवेने ‘अभ्यास’ केला. त्यांना आजाराचं नाव नीट सांगितलं नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. अशा अनुभवातून गेलेल्या समाजाचा अविश्वास हा अज्ञानाचा भाग मानणं अन्यायाचं आहे. अशा वस्तीत लेखी संमती घ्या, नमुना परत मागायचा हक्क द्या, आकडे कोणाकडे राहतील आणि कोणाला दिले जाणार नाहीत हे लिहून द्या, आणि नमुन्याचा अर्धा भाग त्यांना हव्या त्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे पाठवू द्या. दोन प्रयोगशाळांचे आकडे थोडे वेगळे येतीलच. किती फरक नेहमीचा मानायचा आणि कितीच्या पुढे तिसरी तपासणी करायची हे आधी ठरवून ठेवा. जुळ्या नमुन्यांतला फरक २० टक्क्यांच्या आत असावा ही कामचलाऊ मर्यादा चालते, आकडा शोधमर्यादेच्या (प्रयोगशाळा ज्याच्या खाली पाहू शकत नाही त्या आकड्याच्या) अगदी जवळ असेल तर ती थोडी सैल ठेवा.

नोंदवहीची एक प्रत वस्तीतच ठेवा, जिथे कोणीही उघडून पाहू शकेल. विहीर क्रमांक, तारीख, आकडा, कोणी भरला, कोणी मोजला, कोऱ्या नमुन्याचा निकाल. दुरुस्ती करताना जुना आकडा खोडून काढू नका, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, तारीख आणि कारण लिहा. पहिल्या वर्षी जंतूंसाठी पावसाआधी आणि पावसानंतर अशा दोन फेऱ्या, आर्सेनिक आणि फ्लोराइडसाठी एक फेरी पुरे. विहीर खोल केली किंवा नवा बोअर मारला तर मात्र पिण्यासाठी वापरण्याआधी सगळी यादी पुन्हा तपासा.